किलोमीटर अडतीस, मीटर दोनशे

रामलिंग आण्णांनी कागद उलटा केला, मागची बाजू कोरी असल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा सुलटा केला. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. आकडा होता तोच राहिला.

"शून्य म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"शून्य म्हणजे एकही नाही."

"ते कळतंय मला, मंदा. शून्य कसं, ते सांग."

पोलिसांच्या यादीवरून मी काढलेला, चिंचमळ्याच्या वळणावर मेलेल्यांचा तो आकडा होता.

माझं दुकान बोरतळी फाट्यावर, पोलीस चौकीच्या भिंतीला भिंत लावून. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. नववीत गणितानं मला शाळेबाहेर काढलं ते कायमचंच. पुढं एकेचाळिसाव्या वर्षी मी एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला आणि माझी मीच टायपिंग शिकले. आधी दोन बोटांनी, मग चार, मग दहा. माहिती अधिकाराचा कायदाही असाच शिकले, दुपारच्या रिकाम्या वेळात, एका फाटक्या पुस्तिकेतून. त्यामुळे फाट्यावरच्या लोकांना मी अर्धी वकील वाटायचे, आणि आमच्या ह्यांना पूर्ण.

आण्णा म्हणजे रामलिंग कोष्टी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, चाकाखाली कोंबडी आली नाही. त्यांची मुलगी शालन उपकेंद्रात नर्स होती. एका दुपारी साडेतीनला ड्युटी संपवून ती स्कूटीवरून घरी निघाली, आणि चिंचमळ्याच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. एकोणतीस वर्षांची होती.

त्या दिवसापासून आण्णांनी एकच धरलं होतं. ते वळण काढायचं. बाभळी तोडा, रस्ता रुंद करा, वळणच कापून टाका, पण तिथं आणखी कुणी पडायला नको. ग्रामपंचायतीनं बांधकाम खात्याकडे बोट दाखवलं. खात्यानं उत्तर दिलं की सदर वळणावर प्राणांतिक अपघातांची नोंद आढळून येत नाही. ते उत्तर घेऊन आण्णा माझ्याकडे आले. नोंद आढळत नाही म्हणजे कुणी शोधली नाही, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही पोलिसांकडे अर्ज केला. गेल्या तीन वर्षांत या रस्त्यावर अपघातात किती माणसं गेली, कुठल्या किलोमीटरला गेली, यादी द्या. पहिल्यांदा उत्तर आलं की माहिती फार विस्तृत आहे. आम्ही अपील केलं. चौथ्या महिन्यात बासष्ट पानांचा गठ्ठा आला, आणि आता तो माझ्या काउंटरवर पसरला होता.

यादी वाचायला आम्हाला दोन तास लागले. कुठल्या रकान्यात काय आहे ते आधी समजून घ्यायला लागलं. गुन्हा नंबर, तारीख, वेळ, वाहनं, मृत किती, जखमी किती, आणि शेवटी घटनास्थळ. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत गेला तरच माणूस 'मृत' धरतात, एकतिसाव्या दिवशी गेलेला त्यांच्या हिशेबी जखमीच राहतो, हे एका तळटीपेतून कळलं तेव्हा आण्णांनी ती मला दोनदा वाचायला लावली. मी पट्टी आणि लाल पेन घेऊन आमच्या हद्दीतली नावं बाजूला काढत होते. नावं कसली, तारखाच.

चिंचमळ्याच्या वळणाला, म्हणजे किलोमीटर चाळीसच्या पुढं, एकही खूण पडली नाही. आणि किलोमीटर अडतीस, मीटर दोनशे या एकाच जागी अकरा पडल्या.

"अडतीसला?" आण्णा म्हणाले. "अडतीसला तर मी गाडीत मोकळा बसायचो. सरळ सपाट रस्ता हाय. आमचा कंडक्टर तिथंच तिकिटांचे पैसे मोजायचा, गाडी हलत न्हाई म्हणून. तिथं कोण मरतंय?"

मग त्यांनी बोटानं तारखा चाचपायला सुरुवात केली. सातव्या पानावर बोट थांबलं. शालनची तारीख होती. तिच्यापुढंही तेच, अडतीस-दोनशे.

"माझी पोर वळणावर पडली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी गेलोय तिथं. तिची चप्पल मी उचललीय. ही लोकं तिला दोन किलोमीटर अलीकडं कशी मारतात?"

त्यांची खात्रीच पटली की हे कुणीतरी मुद्दाम केलंय. कारखान्याच्या ट्रॉल्यांवर बालंट नको म्हणून असेल, नाहीतर बांधकाम खात्याला वळणाचा खर्च टाळायचा असेल. मला म्हणाले, लगेच दुसरा अर्ज लिही. हा आकडा कुणी लिहिला, त्या माणसाचं नाव द्या, एवढंच विचार. बाकी काही नको.

मी कॉम्प्युटरकडे वळले. 'विषय' लिहिला, 'महोदय' लिहिलं, आणि पुढच्या ओळीत माझी बोटं अडतीस-दोनशे लिहून मोकळी झाली. मी कळफलकाकडे बघितलं नव्हतं, कागदाकडेही बघितलं नव्हतं. चहा गाळताना हात जसा आपोआप गाळणीकडे जातो, तसा तो आकडा बोटांतून उतरला होता. मी हात मांडीवर घेतले.

आण्णांना म्हटलं, प्रिंटरची शाई संपलीय, उद्या या.

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरमधला 'अपघात' नावाचा कप्पा उघडला. अकरा फायली होत्या. एकेक उघडत गेले. प्रत्येकीत माणूस वेगळा, गाडी वेगळी, तारीख वेगळी. आणि प्रत्येकीत एकच वाक्य: 'घटनास्थळ कि.मी. ३८/२०० येथे असून रस्ता सरळ व सपाट आहे, डाव्या बाजूस कडुलिंबाचे झाड आहे.' अकरा माणसं त्याच एका झाडाजवळ मेली होती, आणि ते झाड मी त्यांच्याजवळ नेऊन लावलं होतं.

कसं झालं ते सांगते. चौकीतला प्रिंटर बिघडला तो बिघडलेलाच राहिला, म्हणून अपघाताचे रिपोर्ट काशिद हवालदार माझ्याकडे टाइप करून घ्यायचे. माणूस भला. पहिला रिपोर्ट त्यांनी खुर्ची ओढून शब्द न् शब्द सांगितला. एक मोटरसायकलवाला खरोखरच अडतीस-दोनशेला, त्या कडुलिंबाखाली गेला होता. दुसऱ्या वेळी ते घाईत होते. चिठ्ठीवर नाव, वय, गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून दिली आणि म्हणाले, ताई, बाकीचं जुन्यावरनंच करा. तिसऱ्या वेळी तर त्यांनी न सांगताच मी जुनी फाइल उघडली. ते सही करायचे, शिक्का मारायचे, कागद पुढं जायचा. ठाण्यात कुणीतरी तो आकडा यादीत चढवायचा. वाचला कुणीच नाही. मीही नाही.

आणि मी घाई करायचे ती काही कामाच्या कंटाळ्यानं नाही. माझ्या दुकानाबाहेर एक बाक आहे. गेलेल्या माणसाचे लोक त्या बाकावर बसायचे. रिपोर्ट दवाखान्यात पोचल्याशिवाय शवविच्छेदन होत नाही, आणि ते झाल्याशिवाय माणूस ताब्यात मिळत नाही. त्या बाकाकडे पाठ करून टाइप करताना मला एकच कळायचं, की ह्यांना इथं जास्त बसवायचं नाही. वीस मिनिटांच्या वर मी कुणाला बसवलं नाही. शालनचा रिपोर्ट तर बारा मिनिटांत दिला. महिन्याभरानं आण्णा मुद्दाम येऊन म्हणाले होते, मंदा, त्या दिवशी तू लवकर सोडवलंस, तुझे उपकार आहेत. मी ते वाक्य वर्षभर जपून ठेवलं होतं. भांडण झालं, पाय दुखले, दिवस वाईट गेला, की काढून बघायचे.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. शाई आली नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी लाइट नव्हती, ती खरंच नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच शाईची बाटली आणली, तालुक्याला जाऊन, आणि चुकीची आणली. मी त्या बाटलीकडे बघत राहिले. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, गप्प बस, सही पोलिसांची आहे, तुझं नाव कुठं आहे त्यात? तेही खरं होतं. अकरा फायलींत माझं नाव कुठंच नव्हतं.

पाचव्या दिवशी, सोमवारी, बांधकाम खात्याचे मुल्लासाहेब नकाशाच्या झेरॉक्स काढायला आले. उपअभियंता होते, तोलून बोलणारे, झेरॉक्स जरा तिरकी आली तर परत काढायला लावणारे. आण्णा बाकावरच होते, ते उठून आत आले. नकाशा बोरतळीचाच होता, आणि त्यावर लाल गोल केला होता अडतीस-दोनशेला. मुल्लासाहेबांनी सांगितलं की तीन वर्षांत पाचशे मीटरच्या टप्प्यात पाच गंभीर अपघात झाले की ती जागा अपघातप्रवण धरतात. अडतीसला तर अकरा आहेत. तिथं दिवे, फलक, रस्त्यावर पट्टे, दुभाजक, सगळं बसणार. गुरुवारी जिल्ह्याच्या समितीपुढं प्रस्ताव जाणार, आणि या वर्षी तालुक्यातली एकच जागा मंजूर होणार.

आण्णांनी शांतपणे ऐकलं. मग सांगितलं की साहेब, ती जागा चुकीची आहे. माणसं वळणावर मरतात. एकतीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी नेलीय, कुठं ब्रेकवर पाय ठेवायचा ते माझ्या पायाला विचारा. मुल्लासाहेबांना राग आला नाही. त्यांनी नकाशाची घडी घातली.

"आण्णा, तुमच्या पायावर मी समितीत काय बोलू? माझ्याकडं आकडे आहेत. तुमच्याकडं काय आहे?"

 आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात एवढंच होतं, की तू शिकलेली आहेस, तू काहीतरी सांग.

"साहेब," मी म्हटलं, "ते आकडे माझे आहेत."

झेरॉक्स मशीनचा दिवा पुढं-मागं फिरत होता. मी कॉम्प्युटरचा पडदा त्या दोघांकडे वळवला आणि अकरा फायली एकापुढं एक उघडून दाखवल्या. कसं झालं ते सांगितलं, बाकाचं मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माफी मागितल्यासारखं झालं असतं, आणि तेवढा हक्क मला वाटत नव्हता.

आण्णांनी पडद्यावरची शालनची फाइल वाचली. कडुलिंबाच्या झाडापर्यंत वाचली. मग मला विचारलं, "पाच दिवस शाई नव्हती व्हय?"

"होती, आण्णा."

त्यांनी मान हलवली, बाकावरची पिशवी उचलली आणि निघून गेले. ती चुकीची शाईची बाटली तेवढी काउंटरवर राहिली.

मुल्लासाहेबांनी नकाशाची घडी पुन्हा उघडून लाल गोल बघितला. मग म्हणाले, ताई, तुम्ही टाइप केलं म्हणून कागद खोटा ठरत नाही. सही हवालदारांची आहे. त्यांनी लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. आणि दिलं तरी अडतीसचे कमी होतील, वळणावरचे वाढणार नाहीत. कोण कुठं पडलं ते कोण सांगणार? चिठ्ठ्या आहेत का? चिठ्ठ्या नव्हत्या. त्यांत मी घरी भजी बांधून नेली होती.

काशिद हवालदार चौकीच्या मागच्या पायरीवर जेवणाचा डबा उघडून बसले होते. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने राहिले होते. मी सांगत गेले तशी त्यांची भाकरी हातात तशीच राहिली. आधी ते माझ्यावर चिडले, आकडा बदलायचा एवढं कळत नाही का म्हणाले. मग वरच्या साहेबांवर, मग प्रिंटरवर.  मी म्हटलं, हवालदारसाहेब, मी शपथेवर लिहून देते की चूक माझी. तुमचं नाव त्यात घेत नाही.

"तुम्ही लिहून काय उपयोग?" ते म्हणाले. "सही माझी हाय. न वाचता केली, अकरा वेळा. तुम्हाला तर कुणी वाचायचा पगार देत नव्हतं."

मग त्यांनी डबा झाकला, आत गेले, आणि हातानं लिहायला बसले. मी टाइप करून देऊ का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. देवानं जीभ धरली.

पत्र तर झालं, पण जागांचं काय? मला एकच सुचलं. कागदावर नसलं तरी घरांना माहीत असणार. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी फायलींतल्या पत्त्यांवर निघाले. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण मोटरसायकल काढली आणि मला दारोदार फिरवलं, वाटेत एक शब्दही न बोलता. त्यांच्या परीनं तो पाठिंबाच होता. प्रत्येक घरात मी आधी माझी चूक सांगायचे आणि मग विचारायचे, तुमचं माणूस कुठं पडलं? उद्या सकाळी येऊन ती जागा दाखवाल का?

मला वाटलं होतं लोक दार लावतील. एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, दोन वर्षं झाली, सगळ्यांनी कसं झालं ते विचारलं, कुठं झालं ते तुम्हीच पहिल्यांदा विचारताय. तिनं तिथल्या तिथं सगळं सांगितलं. वळणावरच्या पुलाच्या अलीकडे, डाव्या अंगाला, गेलेल्याच्या हातातली फुलांची पाटी कुठवर गेली तेसुद्धा. एका घराचा अपघात वळणावर नव्हे, लांब पेट्रोल पंपापाशी झाला होता. एका घरानं नकार दिला. त्यांच्या भरपाईचा दावा कोर्टात होता, जागा बदलली तर विम्याचा वकील फाटे फोडेल अशी त्यांना भीती. ती भीती खरी होती, मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आण्णांच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. शालनची आई, काकू, ओट्यावर लसूण सोलत होत्या. आण्णा आत असावेत, त्यांच्या चपला दारात होत्या. मी काकूंना उद्याचं सांगितलं. त्यांनी आत एकदा बघितलं, मला म्हणाल्या, निघ तू आता.

बुधवारी सकाळी आठला आम्ही वळणावर जमलो. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये कुणाला हुरहुर नको. खात्यानं अडतीसचा प्रस्ताव मागं घेतला. वळण त्या वर्षी झालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी झालं. बाभळी गेल्या, रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला. मधल्या काळात तिथं आणखी एक जण गेला, त्याचं नाव मला पाठ आहे. काशिद हवालदारांची चौकशी होऊन त्यांना ताकीद मिळाली, आणि ते वेळेवर निवृत्त झाले. माझ्याकडचं पोलिसांचं काम बंद झालं. आता तर पोलीस अपघाताची जागा मोबाईलवरच टिपून घेतात, बटण दाबलं की झालं. चांगलं आहे. पण मला विचाराल तर ती यादी खरी झाली ती त्या सकाळी.

कोवळं ऊन होतं. उसाच्या ट्रॉल्या चालू होत्याच. मुल्लासाहेब टेप आणि एक मदतनीस घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं, रस्त्याच्या कडेला, गाड्या सांभाळून. मग ते चाळीसच्या दगडापासून मोजत येतील आणि मी वहीत लिहीन. हातानं.

माणसं पांगली. फुलांच्या पाटीचं सांगणाऱ्या बाईची जागा पुलाअलीकडे, ती जाऊन उभी राहिली. एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेनं धरून नेलं. दोघे भाऊ चार पावलांवरून वाद घालत राहिले, एक म्हणे बापू इथं होता, दुसरा म्हणे तिथं. शेवटी धाकट्यानं डोळे मिटले, वळून उभा राहिला आणि म्हणाला, बरोबर, तुझंच खरं. एक ट्रकचा क्लीनर होता, लांबच्या मुलखातला, त्याचं इकडे कुणीच नव्हतं. त्याची जागा रिकामीच राहणार असं मी धरलं होतं. तेवढ्यात काशिद हवालदार साध्या कपड्यात आले. म्हणाले, त्याला मी उचललं होतं, त्याच्या जागी मी उभा राहतो. आणि जाऊन उभे राहिले, एरवी बंदोबस्ताला राहतात तसे, हात मागं बांधून.

सात जागा भरल्या. मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होते. मग वळणाच्या वरच्या अंगानं आण्णा चालत आले. माझ्याशी बोलले नाहीत. मुल्लासाहेबांना रामराम केला, बाभळींच्या सावलीत एके ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथं."

टेप पुढं सरकत आली. मुल्लासाहेब आकडा सांगायचे, मी लिहायचे. चाळीस-चारशे वीस. चाळीस-चारशे पंचावन्न. प्रत्येक जण आकडा दिल्यावरही काहीतरी सांगायचा. कुठल्या रंगाचा शर्ट होता, डब्यात काय होतं, कोणत्या हातात घड्याळ होतं. एवढ्याची गरज नाही असं मुल्लासाहेब पहिल्यांदा म्हणाले, नंतर म्हणायचे थांबले. टेप धरून उभे राहायचे, माझं लिहून होईपर्यंत.

सगळ्यात शेवटी आण्णा होते. मुल्लासाहेब वाकून टेपचं टोक त्यांच्या पायाशी टेकवणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं. आपापल्या जागी उभे असलेले सगळे जण पायाखाली बघत होते. आण्णा पुढं बघत होते, रस्त्याच्या कडेला, जिथं बाभळीची एक फांदी खाली आली होती तिथं.

"साहेब, थांबा जरा," मी म्हटलं. मग आण्णांजवळ गेले. "आण्णा, इथं नाही ना?"

त्यांची नजर त्या फांदीवरच होती.

"पुढं आहे ना?"

"हितंच लिही," ते म्हणाले. "दहा पावलं अलीकडं-पलीकडं. वळण तर तेच हाय. काय फरक पडतोय?"

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वर्षभर ह्या जागेसाठी दारोदार फिरलेला माणूस, तिथं जायचं म्हणताच त्याचा पाय उचलत नव्हता. लिहून टाकावं, असं मनात आलंच. कुणाला कळलं नसतं. समितीचं काम झालं असतं. त्यांना बसवून ठेवायचं नाही, लवकर सोडवायचं, एवढंच तर मी आयुष्यभर करत आले होते.

"पडतो, आण्णा," मी म्हटलं. "मी तुमच्याबरोबर येते."

वही मुल्लासाहेबांच्या मदतनिसाकडे दिली आणि आण्णांचा हात कोपरात धरला. त्यांनी झिडकारला नाही. एक ट्रॉली गेली, ती जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग निघालो. मी पावलं मोजत होते. दहा झाली तरी ते थांबले नाहीत. अकराव्याला त्यांचं वजन माझ्या हातावर आलं. बाराव्याला ते काहीतरी पुटपुटले, ते माझ्यासाठी नव्हतं.

चौदाव्या पावलाला आण्णा थांबले, आणि मग त्यांनी खाली बघितलं.